रोथिमर्कसची व्हिस्की आणि मुंबईचे न्यायासन

एकाने दुसऱ्याच्या हाती मद्याचा पेला देणे, या कृतीला मराठी साहित्यात एक ठसठशीत अर्थ चिकटलेला आहे आणि तो गडकऱ्यांनी चिकटवला आहे. ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) भर कोर्टात बाचाबाची होऊन वकिलीची सनद काही काळापुरती हातची गेलेल्या सुधाकरापुढे तळीराम पहिला पेला धरतो, आणि तिथून पुढचे सारे नाटक म्हणजे त्या एका क्षणाची परतफेड आहे. ‘आर्य मदिरा मंडळा’ची विनोदी बैठक घटकाभर हसवते खरी, पण त्या हसण्याखालीही सिंधूच्या घराची पडझड ऐकू येत राहते. या नाटकानंतर मराठी वाचकाच्या मनात पेला पुढे करणारा मित्र हा मित्र उरलाच नाही. तो मोह घालणारा झाला. पेला नाकारणे हा शहाणपणा, स्वीकारणे हा अधःपात, इतका हा हिशेब सरळ आहे.

जिथे पेला नाकारणे हाच अपराध होता अशा समाजातले लेखन या हिशेबाने वाचायला गेले, की वाचक अडखळतो. असे एक पुस्तक म्हणजे एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश बाईंच्या आठवणी, ‘मेम्वार्स ऑफ अ हायलँड लेडी’. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या व्हिस्कीचा इतिहास लिहिणारे बहुतेक सगळे या पुस्तकातला एक परिच्छेद हमखास उद्धृत करतात आणि पुढे जातात. त्या परिच्छेदाचा शेवट मात्र हिंदुस्थानात होतो, नेमके सांगायचे तर मुंबईत. तेवढ्यासाठी तरी आपण तो थोडा सावकाश वाचायला हवा.

एलिझाबेथचा जन्म १७९७चा. वडील जॉन पीटर ग्रँट हे स्पे नदीच्या खोऱ्यातल्या रोथिमर्कस या वतनाचे धनी, पेशाने वकील, स्वभावाने खर्चिक. वतनात पाइनची जुनी जंगले होती. झाडे तोडायची, ओंडके ओढ्यांच्या पाण्यावरून नदीत सोडायचे आणि समुद्रापर्यंत वाहत न्यायचे हा तिथला मोठा धंदा. घरात इंग्रजी शिष्टाचार, अंगणात गेलिक भाषा, आणि दोन्हीकडे व्हिस्की. ‘व्हिस्की’ हा शब्दच मुळी गेलिक ‘उश्क बेहा’चा इंग्रजांच्या जिभेवर झिजलेला अवशेष, त्याचा अर्थ जीवनाचे पाणी. (मराठीत ‘जीवन’ म्हणजेच पाणी असल्यामुळे आपल्याकडे हे नाव भाषांतरात पुनरुक्त होते, ही गंमत जाता जाता नोंदवायला हरकत नाही.)

या व्हिस्कीच्या वाटपाचे एलिझाबेथने केलेले वर्णन फार तपशीलवार आहे. घरात रोज सकाळी बाजूच्या मेजावर थंड मांसाबरोबर व्हिस्कीची बाटली आणि चांदीच्या तबकात लहान लहान पेले मांडून ठेवलेले असत. चांगल्या घरच्या स्त्रियांच्याही दिवसाची सुरुवात एका घोटाने होई. निरोप घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कोठीत रोजची एक बाटली वेगळी काढलेली असे, सोबत हवी तितकी पाव-चीज. अगदी गरिबाच्या झोपडीतही पाहुण्यापुढे व्हिस्की येई. जंगलात लाकडाचे काम करणारी माणसे दिवसातून तीन वेळा मोठ्या पेल्यांनी पीत. आणि तरीही, एखादा सणसमारंभ सोडला तर, झिंगलेला माणूस आपण पाहिला नाही असे ती सांगते. प्रत्येक घरी पेला पुढे येणार आणि तो निदान ओठाला लावलाच पाहिजे, नाही तर घरच्यांचा अपमान होतो, असे आम्हाला शिकवले होते, असेही ती लिहिते.

यातले ‘ओठाला लावणे’ महत्त्वाचे आहे. आज ‘व्हिस्की चाखणे’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते ट्यूलिपच्या आकाराचे पेले, नाकाने घेतलेले वास, आणि मध, धूर, व्हॅनिला, ओले लाकूड अशी विशेषणे जुळवणारे आस्वादक. हा आस्वाद अलीकडचा. एलिझाबेथच्या खोऱ्यात चाखणे ही जिभेची क्रिया नव्हतीच, ती नात्याची क्रिया होती. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेलेल्या बाईने दुधाचा पेला नको म्हणायचा नसतो, निदान त्याला हात लावायचा असतो, त्या जातीची ही गोष्ट. चव कशी आहे हे कोणी विचारत नसे.

ही चाल एलिझाबेथच्या जन्मापूर्वीही बाहेरच्यांच्या नजरेत भरली होती. डॉ. सॅम्युअल जॉन्सन १७७३ साली जेम्स बॉझवेलबरोबर हायलँड आणि हेब्रिडीज बेटांच्या प्रवासाला गेले. बेटावरचा माणूस सकाळी उठल्याबरोबर एक घोट घेतो, पण म्हणून ही जमात दारुडी नव्हे, असा निर्वाळा त्यांनी आपल्या १७७५च्या प्रवासवर्णनात देऊन ठेवला. स्वतः जॉन्सन त्या काळात मद्यापासून दूर होते. सगळ्या प्रवासात त्यांनी व्हिस्की घेतली ती एकदाच, २३ ऑक्टोबर १७७३ रोजी, इनव्हरेरीच्या खानावळीत, आणि तीही या स्कॉच माणसाला नेमके कशाने सुख होते ते पाहू तरी, अशा थट्टेच्या सुरात. बॉझवेल सांगतो की त्यांनी पेला जवळजवळ संपवला. तळाशी एक थेंब राहिला. तो थेंब बॉझवेलने मागून आपल्या पेल्यात ओतून घेतला. कारण काय, तर आम्ही दोघांनी मिळून व्हिस्की प्यालो असे पुढे म्हणता यावे! चरित्रकार आणि चरित्रनायक यांच्या नात्याचे इतके अचूक चित्र इंग्रजी साहित्यात दुसरे क्वचितच सापडेल. तिथेही चवीचा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे तो सोबतीचा, आणि सोबतीच्या पुराव्याचा.

असो. एलिझाबेथच्या वर्णनात मात्र एक धार आहे, जी जॉन्सनच्या निरीक्षणात नाही. तिने या आठवणी १८४५ ते १८५४ या काळात, आयर्लंडमधल्या आपल्या घरी बसून, मुलाबाळांसाठी लिहिल्या. आयर्लंडमध्ये १८३८पासून फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्या दारूबंदीच्या चळवळीने लाखो लोकांना शपथा दिल्या होत्या. ही हवा तिच्या भोवती होती. म्हणूनच की काय, मागे वळून पाहताना ती म्हणते की आम्ही ठामपणे नाही म्हणायला हवे होते, त्यात आमचेही भले होते आणि लोकांचेही. मान म्हणून जे वाटले जात होते तेच त्या मुलखाला लागलेली कीड होते, हे तिला दिसते. आणि त्याच ओळींमध्ये त्या चांदीच्या तबकाची आठवण तिला सोडवतही नाही. एकाच परिच्छेदात आतिथ्य आणि दोषारोप एकमेकांना लगटून बसलेले आहेत. गडकऱ्यांच्या नाटकात हे दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत, कारण तिथे पेला परका आहे. इथे तो घरचा आहे.

घरचा, पण कायदेशीर नव्हे. ही गोष्ट समजून घेण्यासाठी थोडे अबकारीकडे वळावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारने सखल प्रदेशातल्या परवानाधारक भट्ट्यांवर भांड्याच्या आकारमानानुसार कर बसवला. भांडे तेवढेच, कर तेवढाच, तर ते दिवसातून जितक्या वेळा रिकामे होईल तितका नफा. म्हणून मालकांनी पसरट, उथळ भांडी घडवली आणि काही मिनिटांत मद्य उतरवू लागले. त्यात मोड आणलेल्या जवावर वेगळा कर, म्हणून कच्चे धान्य मिसळायचे. परिणामी सरकारमान्य व्हिस्की जळजळीत आणि कडवट. याउलट डोंगरातल्या चोरट्या भट्ट्या लहान, घाई नसलेल्या. शुद्ध मोडाचे जव, पीटच्या धुरावर वाळवलेले. कायद्याने चांगला माल बेकायदा आणि वाईट माल कायदेशीर करून ठेवला होता. ग्लेनलिव्हेट हे रोथिमर्कसहून फार दूर नसलेले खोरे अशा चोरट्या भट्ट्यांचे माहेरघर. तिथली व्हिस्की शेतकरी गाळत, तट्टांवर लादून रात्रीबेरात्री डोंगर ओलांडत, आणि ती पीत मात्र सगळेच. जमीनदारांना कुळांचा खंड त्यातूनच मिळत असल्यामुळे त्यांचीही नजर दुसरीकडे.

आता तो परिच्छेद. ऑगस्ट १८२२मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. जवळजवळ दोन शतकांत गादीवर असलेल्या राजाने स्कॉटलंडला दिलेली ही पहिली भेट. सर वॉल्टर स्कॉट या समारंभाचे सूत्रधार होते. ज्या हायलँड वेशावर १७४६मध्ये बंदी घालण्यात आली होती तो त्यांनी राजाच्याही अंगावर चढवला. राजाचे जहाज बंदरात येताच स्कॉट भेटीला गेले, तेव्हा राजाने हायलँड व्हिस्की मागवून त्यांच्या नावे पेला रिता केला. स्कॉटनी तो पेला वंशपरंपरेने जपण्यासाठी मागून घेतला, कोटाच्या मागच्या खिशात घातला, आणि घरी येऊन त्यावरच बसले. त्यांचे जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट यांनी हा चुराडा मोठ्या खुशीत सांगितला आहे.

राजाला हवी होती ती ग्लेनलिव्हेटचीच; दुसरी व्हिस्की तो पीतच नसे, असे एलिझाबेथ सांगते. दरबारातले लॉर्ड कॉनिंगहॅम ती सगळीकडे शोधत होते आणि डोंगराबाहेर ती मिळत नव्हती. त्याच साली पार्लमेंटने चोरट्या भट्ट्यांवरची शिक्षा कडक करणारा कायदा केला होता, हे इथे लक्षात ठेवावे. जॉन पीटर ग्रँट स्वतः तेव्हा कॉमन्स सभेचे सभासद. त्यांनी घरी निरोप धाडला. तळघराच्या किल्ल्या पंचवीस वर्षांच्या एलिझाबेथकडे होत्या. तिने एक कप्पा आवडीने जपलेला होता: पिंपात पुष्कळ दिवस ठेवलेली, नंतर बूच न लावता बाटल्यांतून मुरू दिलेली, घशाला न बोचणारी, आणि चोरट्या मालाची म्हणून जी अस्सल रुची असते ती अंगी असलेली व्हिस्की. तो कप्पा रिकामा करण्याचा हुकूम आला. तिला त्याचा मनस्वी राग आला, असे तिने स्पष्ट लिहिले आहे. व्हिस्की आणि सोबत एकाच शिकाऱ्याने टिपलेल्या टार्मिगन पक्ष्यांच्या पन्नास जोड्या होलीरूडच्या राजवाड्यात गेल्या, वाखाणल्या गेल्या. पुढे योग्य वेळी कॉनिंगहॅमनी राजाला या भेटीची आठवण करून दिली आणि वडिलांना हिंदुस्थानातले न्यायाधीशपद मिळाले.

या परिच्छेदात व्हिस्कीचे नाव तेच राहते, अर्थ बदलतो. झोपडीच्या उंबऱ्यावर ती मान होती, लाकूडतोड्यांच्या हातात मजुरीचा भाग. होलीरूडला पोचेपर्यंत तिचा नजराणा झाला. आणि ती चवीने कशी होती हे आपल्याला कळते ते नेमके या ठिकाणी. चांदीच्या तबकातल्या रोजच्या व्हिस्कीच्या रुचीबद्दल एलिझाबेथ काही बोलत नाही. रुची तिला आठवते ती कप्पा रिकामा होताना. पिंपात किती ठेवायची, बाटलीत कशी मुरवायची हे ज्या मुलीला कळत होते, ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार तिचा नव्हता. घरातल्या बायकांनी जोपासलेली आणि पुरुषांनी पोचवलेली वस्तू, एवढे म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला जास्त समजावून सांगावे लागू नये. व्हिस्कीचे इतिहासकार हा परिच्छेद राजाच्या पसंतीचा दाखला म्हणून वापरतात. मला तो किल्ल्या हाती असलेल्या आणि तरी मालकी नसलेल्या माणसाचा दाखला वाटतो. आणि आस्वादाचा पहिला शब्द जर या रागातून उमटला असेल, तर साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

एक खुलासा आवश्यक आहे. व्हिस्कीच्या काही बाटल्यांनी न्यायाधीश होतो, हे इतिहास म्हणून जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. जॉन पीटर ग्रँट अनुभवी वकील होते, अनेक वर्षे पार्लमेंटात होते, आणि कंपनीच्या कारभारात वजन असलेल्या चार्ल्स ग्रँट यांच्या घराण्याशी त्यांचा घरोबा होता. एलिझाबेथला कथा सांगायला आवडते, आणि क्षुल्लक कारणातून मोठे कार्य घडण्याची गोष्ट कोणत्याही कुटुंबात रंगवूनच सांगितली जाते. पण राजाच्या मेहेरबानीने पदे मिळत होती त्या काळात ही आठवण अशक्य कोटीतली नाही. आणि पदाची गरज तर प्राणांतिक होती: निवडणुकांनी आणि उधळपट्टीने कर्जाचा डोंगर झालेला, १८२६मध्ये पार्लमेंटातली जागा गेल्यावर सभासदाला मिळणारे अटकेपासूनचे संरक्षणही गेलेले. बाप परदेशी, मुली मासिकांत लेख लिहून दोन पैसे मिळवत. अशा वेळी १८२७मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टातली नेमणूक आली.

एलिझाबेथ वडिलांबरोबर १८२८च्या आरंभी मुंबईत उतरली. हे सुप्रीम कोर्ट कंपनीचे नव्हे, राजाचे. त्याची सनद १८२३ची. मुंबई बेटाबाहेर, म्हणजे कंपनीने पेशव्यांकडून घेऊन जेमतेम दहा वर्षे झालेल्या मुलखात, राजाच्या कोर्टाचा अंमल कुठवर चालतो हा प्रश्न तेव्हा उघडाच होता. तो पेटला पुण्याच्या एका मुलावरून. मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे वडीलधारे नातेवाईक पांडुरंग रामचंद्र यांनी घरात डांबून ठेवले आहे, त्याने त्याच्या जिवाला अपाय आहे, अशी तक्रार कोर्टात आली आणि त्याला हजर करण्याचा हेबियस कॉर्पसचा हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा हुकूम पुण्यात बजावू देण्यास साफ नकार दिला. दख्खनच्या सरदारांना दिलेल्या वचनांना त्याने धक्का पोचेल ही त्यांची भीती. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्ट १८२८मध्ये वारले, दुसरे न्यायाधीश सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. ग्रँट एकटे उरले. हुकूम मानला जात नाही तर न्यायासनाला अर्थ नाही, असे म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले.

माल्कमच्या चरित्रकारांना हा हट्टी, वेडापिसा न्यायाधीश वाटतो. लंडनहून लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमला पत्र लिहून धीर दिला, की दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये रानटी हत्ती उभा करावा तसे याला दोन नव्या न्यायाधीशांमध्ये ठेवू. हे पत्र फुटले आणि मुंबईभर झाले. आजच्या वाचकाला ग्रँट व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी वाटण्याचा मोह होईल. मामला तितका सोपा नाही, कारण राजाच्या कोर्टाचा पुण्यापर्यंतचा विस्तार हाही साम्राज्याचाच विस्तार होता. तरीही कर्जबाजारी, आश्रिताच्या वाटेने आलेला हा माणूस, ज्या पगारावर त्याचे सगळे घर उभे होते तो पणाला लावून अडून बसला, हे नाकारता येत नाही.

हेबियस कॉर्पसचा हुकूम राजाच्या नावाने निघतो. तेव्हा राजा होता चौथा जॉर्जच. रोथिमर्कसच्या तळघरातली चोरटी व्हिस्की ज्याने आवडीने रिचवली त्याच्याच नावाचा कागद मुंबईहून घाट चढून पुण्याच्या वाड्याच्या दाराशी गेला आणि तिथे अडला. ग्रँटनी दाद मागितली तीही त्याच राजाकडे. १८२९मध्येच प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की मुंबईच्या सुप्रीम कोर्टाला आपल्या हद्दीबाहेर, आपल्या अधिकारात न येणाऱ्या माणसावर असा हुकूम काढता येत नाही. नजराण्याने पद मिळाले असेल; पदाबरोबर अधिकार किती मिळाला, याचे उत्तर त्याच दरबारातून आले.

ग्रँट पुढे मुंबई सोडून कलकत्त्याला गेले. तिथे वकिली केली, पुन्हा न्यायाधीश झाले, आणि १८४८मध्ये मायदेशी परतताना वाटेत जहाजावर वारले. स्कॉटलंडमध्ये १८२३च्या कायद्याने कर निम्म्याहून खाली आले, पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथने ग्लेनलिव्हेटमध्ये पहिला परवाना काढला, आणि चिडलेल्या चोरट्या शेजाऱ्यांच्या भीतीने कमरेला पिस्तुले लावून तो वावरू लागला. आज त्या नावाची बाटली मुंबईतल्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळते. एलिझाबेथने १८२९मध्ये मुंबईतच कर्नल हेन्री स्मिथ यांच्याशी लग्न केले आणि त्यांच्याबरोबर ती आयर्लंडला गेली. तिच्या वह्या चार दशकांहून अधिक काळ घरातच फिरत राहिल्या. भाची लेडी स्ट्रेची (लिटन स्ट्रेची यांच्या आई) यांनी त्या पुष्कळ काटछाट करून १८९८मध्ये प्रकाशात आणल्या. त्यांचे अधिक पूर्ण संपादन निघायला १९८८ साल उजाडले. व्हिस्कीचा कप्पा त्या काटछाटीतून वाचला होता.